समुद्राखालचं कोबाल्टचं कवच जीवाणू ‘बांधतात’ का?

समुद्राखालच्या डोंगरांवर लोह-मँगनीजचं काळं, कोबाल्टयुक्त कवच असतं. ते जीवाणू तयार करतात, म्हणून खरवडून नेलं तरी पुन्हा धरेल, शिवाय तेच जीवाणू टाकीत वाढवून कोबाल्ट मिळवता येईल, असा मजकूर बराच फिरतो. हिंदी महासागरातल्या अफनासी-निकितिन डोंगरावरच्या अशा कवचासाठी भारताने जानेवारी 2024मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाकडे अर्ज केला होता, तेव्हा हा मजकूर मुद्देसूद तपासायला हवा.

‘कवचात सूक्ष्मजीवांचा डीएनए सापडला.’ सापडला, खरंच. जपानच्या ताकुयो-दाइगो डोंगरावरच्या कवचातही सापडला. पण तिथे भरपूर दिसणारे आर्किया (जीवाणूंसारखेच, पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव) अमोनियाच्या ऑक्सिडीकरणावर जगतात, मँगनीजवर नाही. समुद्रात पडलेल्या कुठल्याही दगडावर सूक्ष्मजीवांचा थर धरतोच. घरात भाडेकरू सापडला म्हणून घर त्याने बांधलं असं ठरत नाही. त्यात ड्रेजने, म्हणजे तळावरून ओढत नेलेल्या जाळीने, काढलेला नमुना चिखलातून आणि हजारो मीटर पाण्यातून घासत वर येतो. म्हणून नमुना तळावरच बंद पेटीत घ्यावा लागतो, बाहेरचा थर निर्जंतुक हत्यारांनी काढून आतला भाग वेगळा तपासावा लागतो, आणि शेजारचं पाणी, गाळ व नमुना न घालता नुसतं डीएनए-किट यांचीही चाचणी तुलनेसाठी सोबत लावावी लागते. ही तुलना नसेल तर जीवाणूंची यादी कितीही लांब असो, फारसं काही सिद्ध होत नाही.

‘सूक्ष्मदर्शकात जीवाणूंसारखे गोल दिसतात.’ मँगनीज ऑक्साइड आपणहूनही गोलसर गुठळ्यांत वाढतं. कवच दहा लाख वर्षांत साधारण 1 ते 5 मिलिमीटर वाढतं. 3 धरले तर वर्षाला 3 नॅनोमीटर. म्हणजे 1 मायक्रोमीटरची पेशी पुरली जायला तीनशेहून जास्त वर्षं लागतील. केवळ आकारावरून निष्कर्ष काढता येत नाही.

‘मँगनीजवर जगणारे जीवाणू 2020मध्ये सापडले.’ हा शोध मोठा आहे: ते मँगनीजचं ऑक्सिडीकरण करून ऊर्जा मिळवतात. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत मँगनीज कार्बोनेट माखलेल्या बरणीत नळाचं पाणी भरून ठेवलं होतं, त्यातून ते मिळाले. म्हणजे गोड्या पाण्यातले. खोल समुद्रात विरघळलेलं मँगनीज बहुधा लिटरमागे 1 नॅनोमोलपेक्षाही कमी असतं. प्रयोगशाळेत 100 मायक्रोमोल, म्हणजे एक लाख नॅनोमोल घातलं, तर ते लाखपटीहून जास्त झालं. तिथला वेग समुद्रतळावर लावता येत नाही.

इथे आणखी एक चूक सर्रास होते. ल्यूकोबर्बेलिन ब्लू हे रसायन ऑक्सिडीभूत मँगनीजसोबत निळं होतं, पण कवच स्वतःच त्या मँगनीजचं आहे. तुकड्यावर थेंब टाकला की निळा रंग येणारच, जीवाणू असो वा नसो. खरी चाचणी म्हणजे किरणोत्सारी मँगनीज-54 घालून 2-4 अंशांवर ठेवलेले दोन नमुने, एक जिवंत आणि एक सोडियम अझाइड या विषाने मारलेला, आणि दोन्हींत किती मँगनीजचं ऑक्सिडीकरण झालं यातला फरक. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या तापलेल्या वाफेच्या भांड्यात) मारू नये, उष्णतेने खनिजाचा पृष्ठभागच बदलतो.

मजकुरात तथ्य आहे ते वेगळ्या ठिकाणी. समुद्राच्या पाण्यात नुसत्या ऑक्सिजनने मँगनीजचं ऑक्सिडीकरण फार सावकाश होतं. जीवाणूंची तांबेयुक्त विकरं (एन्झाइम) त्याचा वेग कैक पटींनी वाढवतात. कॅनडाच्या सानिच खाडीतल्या पाण्यात विष घालून जीवाणू थांबवले, त्या प्रयोगांत हे दिसलं. तेव्हा समुद्राच्या मधल्या खोलीवरच्या कमी ऑक्सिजनच्या पट्ट्याच्या कडेला पाण्यातच जे सूक्ष्म ऑक्साइड कण बनतात, त्यांत जीवाणूंचा वाटा असणं अगदी शक्य आहे. पण पुढे ते कण खडकावर बसतात ते पृष्ठभागाच्या रसायनामुळे. मँगनीज ऑक्साइडवर ऋण भार असतो, तो कोबाल्ट ओढतो, मग त्याचंच ऑक्सिडीकरण करून न विरघळणाऱ्या रूपात अडकवतो. या टप्प्याला पेशी लागत नाही.

‘पुन्हा धरेल.’ 5 सेंटिमीटर कवचाला वरच्याच हिशेबाने दीड कोटीहून जास्त वर्षं. वाढ अडते ती धातूच्या पुरवठ्यावर, जीवाणू कमी पडतात म्हणून नाही. आणि जीवाणूही पटकन परतत नाहीत: पेरूजवळ मँगनीजचे गोळे पसरलेल्या समुद्रतळावर 1989मध्ये मुद्दाम नांगर फिरवला होता. 26 वर्षांनी तिथल्या गाळातली सूक्ष्मजीवांची क्रियाशीलता काही ठिकाणी चौपटीपर्यंत कमी होती.

‘टाकीत कोबाल्ट.’ जीवाणू धातू बनवत नाहीत, पाण्यात असेल तोच गोळा करतात. उलट, हिंदी महासागरातल्या पाण्याखालच्या डोंगररांगेच्या बेसाल्ट खडकावरचे मँगनीज-ऑक्सिडीकारक जीवाणू गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत तपासले, तेव्हा तेच परिस्थिती बदलल्यावर मँगनीज विरघळवतानाही आढळले. खोल पाण्यात कोबाल्ट लिटरमागे 50 पिकोमोल धरा, म्हणजे घनमीटरमागे 3 मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमसाठी त्या टाकीतून तीन लाखांहून जास्त घनमीटर पाणी फिरवावं लागेल.