ओळखपत्रावरची एक नोंद

कुठल्याही देशात वांशिक हिंसाचार उसळला की एक स्पष्टीकरण हमखास ऐकू येते: या समाजांमध्ये शतकानुशतकांचे वैर आहे. मला ते चुकीचे तर वाटतेच, शिवाय घातकही वाटते. कारण वैर पुरातन मानले, की ज्यांनी ते अलीकडे, समजून-उमजून आणि कायद्याच्या आधाराने घडवले, त्यांना जाब विचारायचे राहूनच जाते.

आफ्रिकेतल्या रवांडा देशातील हुतू आणि तुत्सी हे दोन समाज एकच भाषा बोलत, शेजारी राहत, आपसांत विवाहही करत. त्यांच्यात विषमता होती हे नाकारण्यात अर्थ नाही. राजसत्तेच्या जवळच्या वर्तुळात तुत्सींचे वर्चस्व होते. मात्र बेल्जियमच्या वसाहती प्रशासनाने १९३०च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर वंशाची नोंद केली आणि काहीशी लवचीक असलेली सीमारेषा जन्मभरासाठी पक्की झाली. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनी ती नोंद पुसली नाही, उलट शिक्षण आणि नोकऱ्यांतील वाटा तिच्यावरून ठरवला. १९९४मध्ये सुमारे १०० दिवसांत लाखो तुत्सींची कत्तल झाली, तेव्हा रस्तोरस्तीच्या नाक्यांवर हेच ओळखपत्र मागितले जात होते. या हत्याकांडाला विरोध करणारे हुतूही मारले गेले, हे फार कमी वेळा सांगितले जाते.

श्रीलंकेचा इतिहास मला अधिक अस्वस्थ करतो, कारण तिथे थांबण्याची संधी पुन्हा पुन्हा मिळाली होती. १९५६मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा ठरली आणि तमिळ भाषकांसाठी सरकारी नोकरीची वाट अरुंद झाली. पुढच्याच वर्षी पंतप्रधान बंडारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांच्यात समझोता झाला. पण भिक्खूंच्या आणि विरोधकांच्या दबावापुढे नमून पंतप्रधानांनी १९५८मध्ये तो मोडीत काढला. १९७०च्या दशकात विद्यापीठ-प्रवेशासाठी तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्यांना अधिक गुणांची अट आली, १९८१मध्ये उत्तरेतील तमिळबहुल जाफना शहराचे ग्रंथालय जाळले गेले, १९८३च्या जुलैमध्ये तमिळांवर भीषण हल्ले झाले आणि त्यानंतरचे युद्ध २००९पर्यंत चालले. भाषेचा कायदा आणि युद्ध यांच्यामध्ये तब्बल २७ वर्षे होती.

यावर कोणी म्हणेल, की मग वांशिक ओळखच पुसून टाकावी. मला हे मान्य नाही. आईची भाषा, पूर्वजांच्या आठवणी, सणवार यांनी माणूस घडतो, आणि त्या सोडायला सांगणे हाही अन्यायच आहे. रवांडाने ओळखपत्रावरची नोंद काढली हे योग्यच झाले. पण वंशाविषयी मोकळेपणाने बोलण्याचीच धास्ती वाटावी, अशी शांतता मला निर्धोक वाटत नाही. प्रश्न ओळखीचा नाही, तर राज्यसंस्था त्या ओळखीला कोणते अधिकार जोडते आणि कोणते हिरावून घेते, हा आहे.

युरोपातल्या बोस्नियात तर वांशिक युद्ध थांबवणाऱ्या शांतता-करारानेच ही जोडणी राज्यघटनेत कोरली. १९९५च्या डेटन करारानुसार तिथले राष्ट्राध्यक्षपद बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम), सर्ब आणि क्रोएट या समाजांच्या प्रत्येकी एक, अशा तीन सदस्यांचे आहे. युद्ध थांबले, हे मोलाचेच. पण जो स्वतःला या तिन्हींपैकी काहीही म्हणवत नाही, तो त्या पदासाठी उभाच राहू शकत नाही. रोमा या अल्पसंख्य समाजातल्या एका आणि एका ज्यू नागरिकाने याविरुद्ध दाद मागितली आणि २००९मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतरच्या निवडणुकाही जुन्याच तरतुदींनुसार झाल्या.