पाच अधिक पाच दहा? स्टॅबिलायझेशनची बेरीज अशी होत नाही

‘बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर लेन्समधलं म्हणजे पैसे पाण्यात. जादा काचेने शार्पनेसही जातो. आणि दोन्ही असलीच, तर पाच स्टॉप अधिक पाच स्टॉप, दहा!’ स्टॅबिलायझेशन म्हणजे हाताची थरथर सावरणारी यंत्रणा; ती लेन्समध्ये असते, नाहीतर कॅमेऱ्याच्या बॉडीत. तर हा मेसेज फिरत फिरत माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि ती पक्ष्यांसाठी घेतलेली कॅननची १००-५०० मिमी लेन्स विकायला निघाली. एकाच मेसेजमध्ये लेन्सचं स्टॅबिलायझेशन बिनकामाचंही आणि पाच स्टॉप देणारंही, हे कुणालाच खटकलं नाही?

आधी ती बेरीज. एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं. दहा स्टॉप म्हणजे १०२४ पट. हातात धरून १/६० सेकंदाला जेमतेम स्थिर येणारा फोटो या हिशोबाने १७ सेकंदांना यायला हवा. सतरा सेकंद, हातात! लिहिणाऱ्याने एकदा करून तरी बघायचं. लेन्स आणि बॉडी दोघीही तीच थरथर दुरुस्त करतात. दोघींनी ती पुरती दुरुस्त केली तर चित्र उलट बाजूला ढकललं जाईल, म्हणून त्या काम वाटून घेतात.

कॅननचेच आकडे बघा. १००-५०० एकटी ५ स्टॉप देते, २०२० च्या आर५ बॉडीवर ६. वाढला एक. आणि हे ‘सीपा’ या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या प्रमाणित चाचणीचे आकडे, हातात त्याहून कमीच धरायचे.

आता अर्धं खरं काय ते. त्याच आर५ वर २८-७० एफ/२ या लेन्सला ८ स्टॉप सांगितलेत, आणि त्या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन नाहीच. शिवाय कॅमेरा भिंगाच्या अक्षाभोवती फिरला तर ते फक्त बॉडीतला, चित्र टिपणारा हलता सेन्सरच सावरू शकतो. जुन्या मॅन्युअल लेन्सनाही बॉडीचाच आधार. मान्य.

पण फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सचा दूरचं जवळ आणणारा मिमीचा आकडा, वाढली की गणित फिरतं. कॅमेरा अर्धा अंश हलला तर २४ मिमीला चित्र सेन्सरवर ०.२ मिमी सरकतं, ५०० मिमीला जवळजवळ ४.४ मिमी. सेन्सरला सरकायला जागाच मोजकी. लेन्समधल्या काचेची थोडी हालचाल तेवढंच काम करते.

शार्पनेसचं म्हणाल, तर ती काच धरूनच लेन्सची रचना केलेली असते. पुढे.

राहिला त्याच मेसेजमधला ‘उडता पक्षीही १/३० सेकंदाला शार्प’ हा शेवटचा शोध. स्टॅबिलायझेशन हात सावरतं, पंख नाही. उडत्या पक्ष्याला १/२००० च्या आसपासच जावं लागतं. तिथेही लेन्समधलं चालू ठेवायचं, कारण ५०० मिमीला व्ह्यूफाइंडरमधलं चित्र नाचत असेल तर पक्षी चौकटीत धरणार कसा?