नवीन दवाखाना टाकलाय? पेशंटकडे बघू नका

डॉक्टर, अभिनंदन! पाटी लागली, पेढे वाटून झाले, आता पेशंट येतील तर त्यांना कसं उरकायचं ते फुकटात सांगतो.

पेशंट आत आला की मान वर करायची नाही. मोबाईल आहे ना समोर.

'काय होतंय' विचारलं की लगेच पेन चालवायचं. अमेरिकेत १९८४ साली कोणीतरी मोजलं होतं म्हणे, डॉक्टर पेशंटचं बोलणं सरासरी १८ सेकंदांत तोडतात. १८! एवढा वेळ कोणाला असतो, तुम्ही सातात उरका.

बीपी जिना चढून आल्या आल्या घ्यायचं, तेही स्वेटरच्या बाहीवरून.

औषध कंपनीचा एमआर आला की तो आधी आत. बाहेरच्यांना तापच आहे, पळून कुठे जाणारेत?

साधी सर्दी? अझिथ्रोमायसिन, थेट अँटिबायोटिक. व्हायरसवर ते चालत नाही हे तुम्हालाही माहितीये, पण गोळी नाही दिली तर पेशंट शेजारच्याकडे जातो ना.

आणि फाईल! फाईल अजिबात उघडायची नाही. मंगळवारी आईला घेऊन गेलो होतो, वय ७१, गुडघा दुखतोय. कापडी पिशवीत रबर लावलेली फाईल, सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे, तिनेच रात्री बसून लावलेले. ती टेबलावर ठेवली तर साहेबांनी कोपराने बाजूला सारली, कारण तिथे चार्जिंगची वायर यायची होती. आई म्हणाली, "डॉक्टर, माझं ते किडनीचं क्रिएटिनीन..." "आजी, वयाप्रमाणे दुखणारच." दुखण्यावर गोळी डायक्लोफेनॅक, दिवसातून दोनदा, दहा दिवस. पुढचा!

मेडिकलवरच्या पोराने पाकीट काढता काढता विचारलं, आजींना किडनीचं काही आहे का, बीपीची गोळी चालू आहे का. काउंटरवर ही गर्दी, तरी त्याने विचारलं. मग पाकीट परत ठेवलं.

अहो, डायक्लोफेनॅकने बीपी वाढतं, खराब किडनी आणखी बिघडते, हे एमबीबीएसला शिकवतात ना? २०१९ पासून तर पेशंटशी बोलायचं कसं तेही अभ्यासक्रमात आहे, एटकॉम की काय ते. त्या तासाला कुठे होतात तुम्ही, कँटीनला? क्रिएटिनीन वाढून १.८ होतं, पहिल्याच पानावर, लॅबवाल्याने ठळक करून दिलेलं!

घरी आल्यावर आई म्हणते, "मीच नीट सांगितलं नसेल रे."

तिने सांगितलं होतं. तीनशे रुपये घेतलेत, एक रबर काढायला काय हात मोडत होते?