दोन रात्रींचा पाहुणा आणि चार दिवसांचं पाणी

गेल्या रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या अपार्टमेंटची टाकी कोरडी पडली. नळाला पाणी शनिवारीच आलं होतं. सोलापूरकरांना याचा अर्थ समजावून सांगायला नको, पुढचं पाणी थेट चार-पाच दिवसांनी.

तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके रोजाच्या भाड्यानं दिला जातो. मालक पुण्यात राहतात, चावी मीटरच्या पेटीत ठेवलेली असते. शनिवारी रात्री अक्कलकोट-तुळजापूर करून आलेले चौदा जण त्यात उतरले. पहाटे सगळ्यांच्या अंघोळी झाल्या, कपडे धुवून झाले आणि गाडी पंढरपूरला निघाली. त्या माणसांचा मला राग नाही, देवाला निघालेली माणसं ती. मालकांना फोन केला तर म्हणाले, "ताई, बुकिंग ऑनलाइन होतं, किती जण येतात ते मला कसं कळणार?" मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटीनं बिनभोगवटा शुल्क लावायचं म्हटलं तरी ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. तेवढे पैसे त्यांचे एका रात्रीत सुटतात.

आता दुसरं घर सांगते. बाळीवेसेजवळ माझी आत्या राहते. यजमान गेल्यापासून वरच्या दोन खोल्या ती पाहुण्यांना देते. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांच्या यात्रेला, कर्नाटकातून नेहमीची माणसं येतात. बाकी वर्षभर दवाखान्याची. कलबुर्गी, विजयपूर, धाराशिवकडचे पेशंट सोलापुरात येतात, आणि सोबतच्यांना लॉजचं भाडं आठ-आठ दिवस परवडत नाही. आत्या त्यांना भाकरी आणि शेंगाचटणी देते, दवाखान्यात न्यायला डबाही भरून देते. तिच्याकडे दोनशे पानी वही आहे. नाव, गाव, फोन, आले कधी, गेले कधी, आणि शेवटचा रकाना "कशासाठी". त्यात तिच्या अक्षरात लिहिलेलं असतं: आईचं ऑपरेशन. नंदीध्वज. जावळ. परत आईचं ऑपरेशन.

हे सगळं रीतसर व्हावं म्हणून मी तिला घेऊन एका कार्यालयात गेले. पहिल्या टेबलावर विचारलं, "लॉज आहे का?" नाही म्हटल्यावर, "मग परवाना कशाला?" दुसऱ्या टेबलावर, "पैसे घेता ना? मग लॉजच झालं, त्याचे सगळे कागद आणा." सत्तरीच्या बाईला जिन्यावरून तीनदा खालीवर करायला लावलं. मला फार वाईट वाटलं.

खरी अडचण इथंच आहे. अकरा महिन्यांच्या भाडेकरूसाठी नोंदणीकृत करारनामा आहे, लॉजसाठी परवाने आहेत. दोन रात्रींच्या पाहुण्याचं काय, हे टेबलावरच्या माणसालाच माहीत नसतं. खरं तर निवास व न्याहारीची योजना आहे. केंद्राच्या योजनेत 1 ते 6 खोल्या देता येतात, आणि मुख्य अट अशी की घरमालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असलं पाहिजे. मला ही अट फार शहाणपणाची वाटते. घरात माणूस असला की पाणी किती जातंय ते दिसतं, रात्री दार कोण वाजवतंय ते कळतं.

महापालिकेनं हीच रेघ धरावी. मालक घरात राहतो, खोल्या दोन-चार, तर एक अर्ज, एक खिडकी, माफक फी, बस्स. मालक दुसऱ्या गावी असेल तर मात्र नियम कडक हवेत. सोसायटीची लेखी संमती, माणसांची मर्यादा, गावातल्या जबाबदार माणसाचा नंबर दारावर, आणि टँकर मालकाच्या खर्चानं. पाहुण्यांची नावं पोलीस ठाण्याला दोघांनीही कळवावीत. परदेशी पाहुण्याची माहिती 24 तासांच्या आत द्यावीच लागते, मग आपल्याकडच्या चौदा जणांची नावं कुणालाच माहीत नसावीत, हे कसं चालेल?

उद्या सरसकट बंदी आली तर पुण्याच्या मालकांचं काही अडणार नाही, ते फ्लॅट अकरा महिन्यांवर देतील. आत्याच्या वरच्या खोल्या मात्र बंद होतील, आणि ऑपरेशनला आलेल्यांची मुलं दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपतील.

सोमवारी वही आणि कागद घेऊन मी परत जाणार आहे. सोलापुरात कुणाची अशी नोंदणी पूर्ण झाली असेल तर कोणते कागद लागले आणि कुठल्या टेबलावर काम झालं, ते कृपया सांगा. गड्ड्याच्या आत हे व्हायला हवं.