लिंकनचं ते वाक्य आणि टॉमकाकावर झालेला अन्याय

व्हॉट्सॲपवर एक पोस्ट फिरतेय, मला चार ग्रुपवर आली. हॅरिएट बीचर स्टोव या बाईंनी 'अंकल टॉम्स केबिन' ही टॉमकाका नावाच्या काळ्या गुलामाची कादंबरी लिहिली आणि अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी युद्ध पेटलं, राष्ट्राध्यक्ष लिंकन त्यांना भेटल्यावर म्हणाला 'हे एवढं मोठं युद्ध ज्या पुस्तकानं सुरू झालं ते लिहिणारी छोटीशी बाई ती तुम्हीच का', मग नाटकानं तेच पुस्तक जसंच्या तसं घराघरात नेलं, आणि शेवटी उपदेश, की टॉमकाकासारखे लाचार होऊ नका. पुस्तक मला फार जवळचं आहे म्हणून लिहितोय.

आधी लिंकन. भेट झाली हे खरंय, डिसेंबर १८६२, वॉशिंग्टन. पण स्टोवबाईंनी नवऱ्याला पत्रात भेट मजेशीर झाली एवढंच कळवलं, हे वाक्य त्यात नाहीये. मुलानं १८८९ मध्ये, आई हयात असताना, तिचं चरित्र लिहिलं त्यातही नाही. ते पहिल्यांदा छापून आलं १८९६ मध्ये, म्हणजे भेटीनंतर ३४ वर्षांनी, बाई वारल्या त्याच वर्षी, आणि लिंकन तर १८६५ लाच गेलेला. एवढ्या कच्च्या आधारावर ते छातीठोकपणे फॉरवर्ड करू नका.

आता पुस्तकानं युद्ध पेटलं का? मार्च १८५२ मध्ये बोस्टनला पुस्तक निघालं, पहिल्या वर्षात अमेरिकेतच तीन लाखांच्या आसपास प्रती खपल्या. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अध्यक्ष कोण निवडून आला, तर पळून आलेल्या गुलामांना पकडून परत द्यायचा १८५० चा कायदा उचलून धरणारा फ्रँकलिन पिअर्स! म्हणजे लोक पुस्तक वाचून रडले आणि मत त्याला दिलं. युद्ध व्हायला मधे कॅन्सस प्रांत गुलामगिरीच्या भांडणात पेटावा लागला, काळ्यांना नागरिकत्व नाकारणारा १८५७ चा ड्रेड स्कॉट खटल्याचा निकाल लागावा लागला, गुलामांचं बंड उभारू पाहणारा जॉन ब्राऊन फासावर जावा लागला. पुस्तकानं काय केलं, तर जे उत्तरेतले लोक 'तो दक्षिणेचा प्रश्न आहे' म्हणून गप्प बसायचे त्यांच्या डोळ्यासमोर मूल कडेवर घेऊन ओहायो नदीतल्या बर्फाच्या तुकड्यांवरून पळणारी गुलाम आई एलायझा उभी केली. हे थोडं नाहीये. पण सगळं श्रेय एका बाईला दिलं की स्वतः पळालेले, इतरांना पळवून आणणारे काळे लोक गोष्टीतून गायबच होतात. आपल्या जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली तीसुद्धा गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना, कुणा एकाला नाही.

नाटकाचं तर पूर्ण उलटं आहे. स्टोवबाईंनी नाटक करायला नकार दिला होता, पण तेव्हाच्या कायद्यात कादंबरीवरून नाटक करणाऱ्याला लेखकाची परवानगीच लागत नव्हती, त्यामुळे बाईंना एक पैसा मिळाला नाही. जॉर्ज एकनचं नाटक सप्टेंबर १८५२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावात आलं, चार वर्षांची कॉर्डेलिया हॉवर्ड त्यात टॉमच्या एका मालकाची लहानपणीच मरणारी मुलगी, छोटी इव्हा व्हायची, शेवटी ढगांत पांढऱ्या कबुतरावर बसलेली इव्हा दिसायची. त्या नाटकात टॉम मरतो तरी. कॉनवेच्या नाटकात, जे करमणुकीचे खेळ लावणाऱ्या बार्नमनं न्यूयॉर्कला लावलं, टॉम वाचतो आणि सगळं गोड होतं! पुढच्या फिरत्या कंपन्यांनी एलायझामागे खरे कुत्रे सोडले, पुस्तकातल्या त्या नदीच्या प्रसंगात कुत्रे नाहीतच. टॉमचं काम गोरे नट तोंडाला काळं फासून करायचे, गंभीर नाटकात काळ्या नटाला, सॅम लुकसला, ते मिळालं १८७८ मध्ये.

आणि याच नाटकांनी टॉमला पिकल्या केसांचा, मालकापुढे वाकलेला म्हातारा करून टाकला. पुस्तकातला टॉम रुंद छातीचा, धडधाकट माणूस आहे, त्याची पोरं लहान आहेत, धाकटी तर तान्ही. त्याचा शेवटचा क्रूर मालक लेग्री त्याला दुसऱ्या गुलाम बाईला चाबकानं मारायला सांगतो, तो मारत नाही, मार खातो. मग लेग्रीच्या दोन गुलाम बायका, कॅसी आणि एमेलिन, पळतात, म्हणजे लेग्रीच्याच घराच्या माळ्यावर लपतात, आणि टॉमला हे माहीत असतं. लेग्री विचारतो. टॉम खोटंही बोलत नाही, मला माहीत नाही असं म्हणत नाही, तो म्हणतो मला माहितीये, पण सांगू शकत नाही, मरू शकतो. आणि त्याला मरेपर्यंत मारतात, तोंडातून शब्द निघत नाही, त्या दोघी सुटतात.

याला लाचार म्हणताय?