म्युलर एवढे का?

म्युलर हे जर्मनीतलं सर्वाधिक आढळणारं आडनाव, एवढंच लेखात आलंय. कारणही यायला हवं होतं. मूळ अर्थ गिरणीवाला. मध्ययुगात आडनावं रुजली तेव्हा गावात बहुतेक सगळे शेतकरीच, मग त्या नावाने कोणाला वेगळं ओळखणार? बाउअर, म्हणजे शेतकरी, हे आडनाव आहेच, पण म्युलरच्या बरंच मागे. गिरणीवाला मात्र बहुधा गावात एकच. शिवाय अनेक ठिकाणी जमीनदाराने नेमलेल्या गिरणीतच दळण आणायची सक्ती होती, त्यामुळे घराघराचा त्याच्याशी संबंध! लोहाराचं श्मिट दुसऱ्या क्रमांकावर आहे तेही याच कारणाने, असं मला वाटतं. अमेरिकेत गेलेले कित्येक म्युलर पुढे मिलर झाले. आणि पुण्यातल्या मॅक्स म्युलर भवनाच्या नावातही हाच गिरणीवाला आहे.