व्यवसाय : सूतकताई

गेल्या मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, 500 रुपयांच्या मुद्रांकावर, मी सूत कातणारी बाई असल्याचे माझ्या छायाचित्रासह जाहीर करण्यात आले. आई गेल्यानंतर सदनिकेचे शेअर सर्टिफिकेट माझ्या नावावर व्हावे यासाठी गृहनिर्माण संस्थेला एक प्रतिज्ञापत्र हवे होते. अशी प्रतिज्ञापत्रे करून देणारा टंकलेखक न्यायालयाच्या कुंपणाला लागून एका मोठ्या छत्रीखाली संगणक मांडून बसतो. त्याने छापून दिलेल्या इंग्रजी मजकुरात माझे नाव, वडिलांचे नाव, वय 47 वर्षे, व्यवसाय नोकरी, इथवर सारे सुरळीत होते. त्यानंतर एक स्वल्पविराम होता आणि स्वल्पविरामाच्या पुढे 'स्पिनस्टर' हा शब्द पाय पसरून बसला होता.

"हा शब्द काढा," मी म्हणाले.

"का? लग्न झालंय तुमचं?"

"नाही."

"मग बरोबरच आहे की."

मी त्याला 'अनमॅरिड' हा पर्याय सुचवला. त्यावर, पुरुषाला बॅचलर आणि बाईला स्पिनस्टर हा फॉरमॅट वडिलांच्या टाइपरायटरपासून चालत आला असून आजवर एकाही बाईने तक्रार केली नाही, असे त्याने मला ऐकवले. शिवाय मजकूर मुद्रांकावर छापून झालेला असल्यामुळे शब्द बदलायचा असेल तर नवा मुद्रांक, म्हणजे आणखी 500 रुपये. हे सर्व तो ज्या आवाजात बोलत होता, त्या आवाजात सहसा एसटीच्या स्थानकावर गाड्या पुकारतात.

त्यामुळे शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या काकांना माझी वैवाहिक स्थिती कळली. हे काका पेन्शनच्या कागदांत आणि आधार कार्डावर आडनावाचे स्पेलिंग वेगवेगळे पडल्यामुळे आले होते, आणि दहा मिनिटांपूर्वी त्यांनी मला "वहिनी, जरा सरकता का?" असे विचारले होते. आता त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्या खांद्यावरून वाकून कागद नाकाजवळ धरला, तो शब्द दोनदा मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "ताई, यात वाईट काय आहे?" वहिनीची ताई व्हायला एक ओळ पुरली.

"हे पाहा," ते म्हणाले, "यंगस्टर, गँगस्टर, स्पिनस्टर. शेवटी 'स्टर' लागलं की समजायचं, माणूस कशात तरी पटाईत आहे. आता स्पिन म्हणजे गिरकी. गिरक्या घेण्यात पटाईत, म्हणजे एका जागी स्थिर न होणारी. लागला की नाही अर्थ?"

"लागला," टंकलेखक म्हणाला.

"मी शाळेत असताना फिरकी गोलंदाजी करायचो," काकांनी वेगळ्याच दिशेने मुसंडी मारली, "पण आम्हांला नुसतं स्पिनर म्हणत. 'स्टर' आम्हांला नव्हतं." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच खंत दिसली. मग एकदम आवाज मऊ करून ते म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका हं, बाळ. आमची एक मावशी होती, तिचंही शेवटपर्यंत कुठे सूत जमलं नाही. पण पापड काय लाटायची! अख्खी आळी न्यायची." मला पापड लाटता येत नाहीत हे मी सांगितले नाही, कारण त्यानंतरच्या सांत्वनाची मला धास्ती वाटली. काकांची टकळी पुढे पंधरा मिनिटे चालू राहिली आणि तिच्यातून मावशीचे पापड, मावशीचा स्वभाव आणि मावशीच्या वाटणीची विहीर असा बराच लांब धागा निघाला.

घरी येऊन मी रागारागाने शब्दाचा इतिहास उपसला, तेव्हा लक्षात आले की सुतावरून स्वर्ग गाठणारे हे काका सुताच्या फार जवळून गेले होते. जुन्या इंग्रजीत 'स्टर' हा प्रत्यय मुख्यतः बाईच्या कामाला लागत असे. विणणारी ती वेबस्टर, भट्टीत पाव भाजणारी ती बॅक्स्टर, बीअर गाळणारी ती ब्रूस्टर आणि कातणारी ती स्पिनस्टर. आपल्याकडे सुतारीण म्हटले की बहुधा सुताराची बायको डोळ्यांसमोर येते. वेबस्टर मात्र स्वतः मागावर बसत असे. पुढे प्रत्ययातला बाईपणा झिजला, पुरुषही 'स्टर' म्हणवू लागले, आणि शिवणारीच्या 'सीमस्टर' या नावाला आणखी एक स्त्रीलिंगी शेपूट जोडून 'सीमस्ट्रेस' करावे लागले. मास्तरीण पुरेना म्हणून आपण मास्तरीणबाई केली, तसेच हे. वेबस्टर, बॅक्स्टर आणि ब्रूस्टर यथावकाश आडनावे होऊन प्रतिष्ठित झाल्या. 1828 साली अमेरिकेचा थोरला शब्दकोश काढणाऱ्या नोआ वेबस्टरच्या आडनावात एक विणकरीण दडलेली आहे. कातणारीच्या नशिबी तेवढे आडनाव होणेही आले नाही.

हा शब्द 14व्या शतकातल्या 'पियर्स प्लाउमन' या काव्यात आढळतो, आणि त्या प्रसंगाने माझी करमणूक कमी आणि चडफड जास्त झाली. तिथे लोभ नावाचे पात्र आपल्या पापांचा पाढा वाचताना सांगते की माझी बायको लोकरीचे कापड विणायची, स्पिनस्टरांकडून सूत कातून घ्यायची आणि त्यांची मजुरी ज्या पौंडाच्या वजनाने मोजायची ते वजन खऱ्या वजनापेक्षा पावपट जड असायचे. म्हणजे सव्वा पौंड कातायचे आणि पैसे एका पौंडाचे घ्यायचे. त्या बायकांची लग्ने झाली होती की नाही, याची कवीला पंचाईत नाही. त्या कातत होत्या आणि फसवल्या जात होत्या, एवढेच तो सांगतो.

धंद्याची लग्नाशी गाठ मारली ती कागदपत्रांनी. इंग्लंडात 1413 साली पाचव्या हेन्रीच्या राज्यात एक कायदा झाला. ज्याच्यावर दावा लावायचा त्या माणसाच्या नावापुढे त्याचा दर्जा किंवा धंदा आणि राहण्याचे ठिकाण लिहिलेच पाहिजे, असा तो कायदा होता. पुरुषांना सुतार, लोहार, शेतकरी असे हवे ते लिहिता येई. बाईला नवरा असेल तर अमक्याची बायको, नवरा वारला असेल तर विधवा, आणि ती दोन्ही नसेल तर कारकुनाच्या हाताशी जे बायकी काम होते ते, म्हणजे सूतकताई. असे लिहिता लिहिता 17व्या शतकापर्यंत अविवाहितेची ती कायद्यातली ओळखच होऊन बसली, मग तिने जन्मात चाती हातात धरलेली नसली तरी हरकत नव्हती. फॉरमॅटच तसा होता. मला आता दाट संशय आहे की त्या कारकुनालाही तो त्याच्या वडिलांकडूनच मिळाला असणार.

याच सुमारास सर एडवर्ड कोक या नामांकित कायदेपंडिताने लिहून ठेवले की एखाद्या जेंटलवुमनला, म्हणजे खानदानी बाईला, दाव्याच्या कागदात स्पिनस्टर म्हटले असेल तर ती तो कागद रद्द करवू शकते, कारण तिचा जो मान आहे तो तिला मिळालाच पाहिजे. हे वाचून मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या. चारशे वर्षांपूर्वी एका बाईला या शब्दावरून सबंध खटला उलथवून टाकण्याची सोय होती, आणि मला मात्र 500 रुपये भरा म्हणून सांगण्यात येते. अर्थात ती सोय फक्त घरंदाज बाईसाठी होती. खरोखर कातणारीने तक्रार करायची नव्हती, हेही तिथेच कळले.

पुढे 1760च्या दशकात हारग्रीव्ह्जची स्पिनिंग जेनी हे सूत कातण्याचे यंत्र आले, मग आर्कराइटचे आले, आणि घरोघरी चालणारे चरखे हळूहळू माळ्यावर गेले. काम गेले, त्याबरोबर मिळणारी चार नाण्यांची मजुरी गेली, राहिले ते नुसते बिरुद. आणि ज्या बिरुदाखाली काम नसते त्याखाली लोक काहीही भरतात. वय उलटून गेलेली, चिडकी, मांजरे पाळणारी असे सारे त्यात भरले गेले. 1862 साली डब्ल्यू. आर. ग्रेग नावाच्या गृहस्थांनी 'बायका अनावश्यक का झाल्या आहेत?' अशा अर्थाच्या मथळ्याचा निबंध लिहून, इंग्लंडात शिलकी पडलेल्या अविवाहित बायकांना जहाजात घालून वसाहतींत पाठवावे असा तोडगा सुचवला. तिकडे नवरे जास्त आणि बायका कमी, म्हणजे हिशेब जमला! आपल्या मुंबई बंदरावरही वरसंशोधनार्थ निघालेल्या विलायती मुली उतरत. त्यांना 'फिशिंग फ्लीट' म्हणजे मासेमारीचा ताफा म्हणत, आणि लग्न न जमता परत गेलेल्यांना 'रिकाम्या परत' म्हणत, सोड्याच्या बाटल्यांना म्हणावे तसे.

बॅचलरचे मात्र सोने झाले. तो आधी उमेदवार सरदार होता, मग विद्यापीठाचा पहिल्या पायरीचा पदवीधर झाला, मग अविवाहित झाला, आणि या प्रवासात त्याचे कोणी काही वाकडे केले नाही. माझ्या पदवी प्रमाणपत्रावर विद्यापीठाने मला बॅचलर म्हटले आहे. तेव्हा मी बॅचलरही आहे आणि स्पिनस्टरही आहे, आणि यांतले जे मी तीन वर्षे अभ्यास करून कमावले ते प्रतिज्ञापत्रात विचारलेच नव्हते.

ज्यांचा हा शब्द, त्यांनी तो टाकलाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये डिसेंबर 2005 पासून विवाहनोंदणीत बॅचलर आणि स्पिनस्टर हे दोन्ही शब्द बंद होऊन दोघांनाही 'सिंगल' लिहू लागले. साहेबाने मोडीत काढलेली ही वस्तू आमच्या छत्रीखाली मात्र रोज नव्याने छापली जाते. मराठीत सगळे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. ज्या भाषेने घोडनवरी हा शब्द घडवला तिने फार ताठ बसू नये. पण घोडनवरी निदान 500 रुपयांच्या मुद्रांकावर छापत नाहीत. आणि मुळात, मी आईची एकुलती एक मुलगी आहे एवढे संस्थेला कळले की काम भागते. माझे सूत जमले की तुटले याचा त्या दोन खोल्यांशी काय संबंध, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

त्या दिवशी ही सगळी विद्या माझ्याजवळ नव्हती. मी मुकाट्याने सही केली, नोटरीने शिक्का मारला, आणि मी कागद पिशवीत घालत असताना काकांचा नंबर आला. टंकलेखकाने नाव घेतले, वय 74 घेतले, आणि मान वर न करता विचारले, "मिसेस आहेत?"

"चार वर्षं झाली जाऊन," काका म्हणाले.

"मग विडोअर टाकतो."

काका खुर्चीतून अर्धे उठले. "विडोअर कशाला? माझ्या स्पेलिंगचा आणि त्याचा काय संबंध? नुसतं सेवानिवृत्त लिहा."

"बरं, साहेब," असे म्हणून टंकलेखकाने तो शब्द लगेच खोडला. त्यांचा कागद अजून छापलेला नव्हता.